गोसाव्याची झोळी

राईनपाड्याच्या पंचनाम्यात झोळ्यांची नोंद असेलच. त्यांत काय निघालं असेल याचा अंदाज बांधायला मला तो कागद लागत नाही. दहा घरचं पीठ एकत्र झालेलं, मूठमूठ जमलेली जवारी, थोडे तांदूळ, कागदाच्या पुडीत अंगारा, फडक्याच्या गाठीत चिल्लर. आमच्या बोदवडच्या ओट्यावर ती झोळी कितीदा तरी उघडलेली पाहिली आहे. पोर मात्र तिच्यात कधी दिसलं नाही.

१ जुलै २०१८. रविवार. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातलं राईनपाडा, आणि तिथला आठवडे बाजार. सोलापूर जिल्ह्याच्या मंगळवेढा भागातून आलेली नाथपंथी डवरी गोसाव्यांची काही कुटुंबं जवळच पिंपळनेरला पालं ठोकून राहिली होती. त्यांच्यातले पाच जण त्या दिवशी भिक्षेला म्हणून बाजारात आले. एकाने एका लहान मुलीशी बोलायचा प्रयत्न केला, एवढंच कारण तेव्हाच्या बातम्यांत आलं. मग कुणीतरी ओरडलं, आणि बाजार धावला. ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून त्या पाचही जणांना मरेपर्यंत मारलं. लाकडं, लाथा, हाताला लागेल ते. मारणारे मारत होते, काही जण मोबाइल उंच धरून ते टिपत होते. आलेल्या मोजक्या पोलिसांनाही जमावाने सोडलं नाही.

साक्री आमच्यापासून दोनशेहून अधिक किलोमीटर. खानदेश म्हटलं तरी ते पश्चिमेचं टोक आणि आम्ही पूर्वेचं, मलकापूरला खेटलेलं. 'तिकडं झालं,' असं आमच्याकडे म्हणता आलं आणि लोक तसं म्हणालेही. चहाच्या टपरीवर तो व्हिडिओ या फोनवरून त्या फोनवर गेला. हळहळ झाली. 'पण हे लोक तरी कशाला फिरतात,' हेही त्याच दमात झालं.

कशाला फिरतात, ते बोदवडने विचारावं हे नवलच. कपाशी फुटली, वेचणी सुरू झाली, जिनिंगच्या आवारात सरकीचा वास भरला की आमच्या गावाला पाहुणे लागत. दिवाळीपासून आखाजीपर्यंत रीघ. बैलाच्या पाठीवर कवड्यांची झूल मिरवत नंदीबैलवाला येई आणि 'पाऊस येईल का?' या प्रश्नावर त्या नंदीची मान हलली की कोरडवाहू शेतकऱ्याच्या तोंडावर हसू येई. गाडीलोहारांच्या गाड्या नाडगावच्या रस्त्याला सुटत. बाई भाता ओढे, बाप्या घण मारी, आणि विळे, खुरपी, पावशांना तासाभरात धार येई. वैदू येत, शिकलगार येत, कैकाडी टोपल्या विणत बसत. बहुरूपी तर फौजदाराच्या खाकी वेषात यायचा. भर बाजारात एखाद्या तालेवार व्यापाऱ्याला 'चला ठाण्यावर!' म्हणून दरडावायचा, आणि तो व्यापारीही हसत हसत दंड भरायचा. ज्यांच्यावर खऱ्या खाकीची नजर सदा रोखलेली, त्यांच्यातलाच एक जण खोटी खाकी घालून आम्हाला हसवायचा. त्यातली गंमत तेव्हा आम्हाला कळली, बाकीचं नाही कळलं.

डवरी गोसावी सगळ्यांच्या आधी, उजाडता उजाडता. आधी डौराचा आवाज ऐकू यायचा, माणूस नंतर. भगवी कफनी, गळ्यात रुद्राक्ष, काखेत झोळी, आणि भैरवनाथाचं नाव. त्यांच्यातलेच भराडी रात्रभर उभं राहून भराड घालायचे, नाथांच्या कथा पहाटेपर्यंत चालायच्या. दारात आलेल्याला आजी 'महाराज' म्हणायची. मग सुपातली जवारी माझ्या ओंजळीत ओतायची आणि मला पुढे ढकलायची. दान लेकराच्या हातून जावं, असा तिचा नेम. मी ओंजळ झोळीवर रिकामी करायचो, महाराज अंगाऱ्याचं बोट कपाळावर टेकवायचे, त्या बोटाला धुराचा वास यायचा. काय आशीर्वाद दिला ते कधी नीट कळायचं नाही. ते पुढच्या दाराला गेले की आजी कडी लावायची.

आणि त्याच दिवशी दुपारी मी जेवणाला नाटकं केली की तीच आजी म्हणायची, "रडशीन त गोसायाच्या झोयीत टाकून देईन बरं!"

आमच्या सगळ्यांच्या आज्या म्हणायच्या. खानदेशात म्हणायच्या, वऱ्हाडात म्हणायच्या, देशावर म्हणायच्या. सकाळचा महाराज दुपारी पोरं पळवणारा व्हायचा, आणि ही गोष्ट सांगणाऱ्या बायका मायाळूच होत्या. द्वेष करायला त्यांना सवड नव्हती. पोरगं जेवावं, उन्हात जाऊ नये, विहिरीच्या काठाशी जाऊ नये, एवढ्यासाठी त्यांनी एका भुकेल्या माणसाची झोळी भीतीने भरून ठेवली. गोष्ट घराघरांत मुरत गेली. पोरं मोठी झाली, भीती विसरली असं वाटलं. ती कुठे गेली नव्हती.

राईनपाड्याची चर्चा झाली तेव्हा सगळं खापर फोनवर फुटलं. फोनचा वाटा होताच. त्या उन्हाळ्यात मोटारसायकलवरून आलेले दोघे गल्लीत खेळणारं पोर उचलतात, असा एक व्हिडिओ देशभर फिरला. तो मुळात कराचीतल्या एका बालसुरक्षा मोहिमेसाठी केलेला होता. शेवटी ते दोघे पोर परत आणून ठेवतात आणि पालकांना सावध राहायला सांगतात. तो शेवट कुणीतरी कापला. उरलेला तुकडा गावोगाव गेला, आणि दोन-अडीच महिन्यांत देशभरात वीसच्या आसपास माणसं अशा संशयापायी मारली गेली. ज्या दिवशी राईनपाडा घडलं त्याच दिवशी मालेगावात जमावाच्या तावडीतून पाच जणांना पोलिसांनी कसंबसं सोडवलं. नंतर व्हॉट्सॲपने एका वेळी पाचांहून जास्त जणांना निरोप पुढे पाठवता येणार नाही, अशी सोय केली. १७ जुलैला सर्वोच्च न्यायालयाने झुंडबळी रोखण्यासाठी प्रत्येक जिल्ह्यात अधिकारी नेमायला सांगितलं. ठीकच झालं.

पण असे स्मार्टफोन नव्हते तेव्हाचं काय? २०१२ साली नागपूरच्या कळमना भागात बहुरूप्याचं सोंग घेऊन निघालेल्यांना चोर समजून जमावाने मारलं, तेव्हा इतके स्मार्टफोन खिशाखिशात कुठे होते? निरोप वायरीतून आला असेल, गोष्ट मात्र आमच्या ओट्यावरची होती. फोनने ती फक्त सगळ्यांना एकाच वेळी आठवून दिली.

त्या गोष्टीला सरकारी शिक्काही होता. १८७१ साली इंग्रजांनी कायदा करून माणसांच्या जातीच्या जाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. १९११च्या कायद्याने तो मुंबई इलाख्यालाही लागू झाला. पारधी, कैकाडी, मांग-गारुडी, टकारी, भामटे. नाव यादीत आलं की रोज हजेरी, गाव सोडायला परवाना, रात्री मोजदाद. सोलापुरात काटेरी तारांच्या कुंपणाआड वसाहत वसवली, आतली माणसं गिरण्यांत कामाला जुंपली. ३१ ऑगस्ट १९५२ला तो कायदा गेला. पुढे मुंबई राज्याने १९५९ साली सराईत गुन्हेगारांचा कायदा आणला, आणि पोलिसांची वही एका कपाटातून दुसऱ्या कपाटात गेली. लक्ष्मण माने यांचं 'उपरा' १९८०मध्ये आलं, लक्ष्मण गायकवाडांचं 'उचल्या' १९८७मध्ये. दोन्ही गाजली. आमच्या वाचनालयातही आली असतील. वाचणाऱ्यांनी वाचली, डोळे पुसले, आणि गावात घरफोडी झाली की पहिली जीप पारधी वस्तीकडेच वळत राहिली. त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. वस्तीतल्या चारदोघांनी खोटं सोनं विकून कुणाला फसवलं असेल, तर फसवणाऱ्यांची नावं घेता येतात. आम्ही वस्तीचं नाव घेतो. आमच्यातल्या व्यापाऱ्याने पतपेढी बुडवली तर त्याची आळी बदनाम होत नाही.

डवरी गोसाव्यांचं तर नाव त्या गुन्हेगारी यादीतलंही नव्हे. महाराष्ट्राच्या आरक्षणात ते भटक्या जमातींत, अडीच टक्क्यांच्या गटात मोडतात. जमावाने यादी बघितली नाही. अनोळखी बोली, रापलेला चेहरा, काखेत झोळी, तेवढं पुरलं.

राईनपाड्यात मारणारेही कुणी मोठे लोक नव्हते, हे मला फार टोचतं. साक्रीचा तो पट्टा आदिवासींचा आहे. ज्या भिल्लांना इंग्रजांच्या दप्तरात लुटारू म्हणून लिहिलं, ज्यांना माणसाळवायचं म्हणून १८२५ साली धरणगावला आउट्रमने भिल्ल पलटण उभी केली, त्या खानदेशातली ही माणसं. रानात राहतात म्हणून त्यांच्याकडे बोट दाखवणारे आजही कमी नाहीत. त्यांच्या गावात रस्ता उशिरा येतो, डॉक्टर उशिरा येतो. अफवा मात्र वेळेवर पोचली. घटनेनंतर गावच्या गाव ओस पडलं, बाप्ये रानात पळाले. आम्ही शहाण्यांनी लगेच त्यांनाही अडाणी म्हणून बाजूला काढलं. म्हणजे पुन्हा तेच.

जगात आम्हीच असे, असंही म्हणायची सोय नाही. रोमा लोक हजारएक वर्षांपूर्वी आपल्याच वायव्येकडून निघाले, हे भाषेच्या आणि वंशशास्त्राच्या अभ्यासकांनी दाखवून दिलं आहे. युरोपात त्यांच्या गाड्या जिथे सुटल्या तिथल्या आज्याही पोरांना हेच सांगत आल्या: जिप्सी येईल, पळवून नेईल. ऑक्टोबर २०१३मध्ये ग्रीसमधल्या एका रोमा वस्तीत सोनेरी केसांची मुलगी पोलिसांना दिसली, आणि एवढी गोरी पोर यांची असणारच नाही म्हणून ती काढून घेतली. जगभर तिचा फोटो लागला. डीएनए तपासल्यावर कळलं की तिचे खरे आई-बापही बल्गेरियातले गरीब रोमाच. त्याच आठवड्यात आयर्लंडमध्ये दोन रोमा घरांतून दोन मुलं याच संशयाने नेली, आणि तपासणीनंतर मुकाट्याने परत आणून दिली. २०१९च्या मार्च महिन्यात पॅरिसच्या उपनगरांत पांढऱ्या गाडीतून पोरं पळवतात अशी अफवा फोनवर फिरली आणि जमाव रोमांच्या पालांवर चालून गेला. राईनपाड्याला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. पॅरिस काय आणि पिंपळनेर काय.

एका जागी राहिलं की सगळं सुरळीत होतं, असं आमचे सुधारक फार दिवस सांगत आले. बल्गेरियातले तुर्क काही भटके नव्हते. शतकानुशतकं त्याच मातीत तंबाखू पिकवत होते. १९८४-८५च्या हिवाळ्यात तिथल्या सरकारने त्यांना नावं बदलायला लावली, अहमदचा कुणीतरी दुसराच झाला. १९८९च्या उन्हाळ्यात तीन लाखांहून अधिक माणसं घरदार, गुरं मागे टाकून सरहद्दीपार गेली. आमच्याकडे पारधी एका जागी बसतो तेव्हा ते गायरान निघतं. मग रेशनकार्डाला पत्ता लागतो, पत्त्याला जागा लागते, जागेला जातीचा दाखला लागतो आणि दाखल्याला पन्नास वर्षांपूर्वीचा पत्ता.

२०१६च्या फेब्रुवारीत दिल्लीत रोमांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली, आणि आपल्या तेव्हाच्या परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज यांनी त्यांना भारताची लेकरं म्हटलं. छान वाटलं ऐकून. हजार वर्षांपूर्वी घर सोडून गेलेल्यांना आपण लेकरं म्हणतो. त्याच चालीने फिरणारे जे इथेच राहिले, ते आमच्या बाजारात आले तर ओळख पटवायला आधार कार्ड मागतो, आणि तेही बघायची शुद्ध कधी कधी राहत नाही.

मला यात सगळ्यांत जास्त सलतं ते वेगळंच. आमच्या बोदवडच्या उत्तरेला, तापीच्या अंगाला, मुक्ताईनगर. पूर्वीचं एदलाबाद. इथेच वीज कडाडली आणि मुक्ताबाई दिसेनाशी झाली, १२९७ साली, अशी आमची श्रद्धा. मुक्ताबाई कोण? संन्याशाची पोर, गावाने वाळीत टाकलेली. चारही भावंडांनी कोरान्न मागून दिवस काढले. एकदा भिक्षेला गेलेल्या ज्ञानदेवांचा कुणीतरी पाणउतारा केला आणि ते ताटी लावून आत बसले, ती ताटी उघडायला लावली ती याच धाकटीने. आणि गुरुपरंपरा? आदिनाथ, मच्छिंद्रनाथ, गोरखनाथ, गहिनीनाथ, निवृत्तिनाथ. म्हणजे नाथपंथच. ज्या मुलीच्या नावाने आमचा तालुका टाळ कुटतो ती नाथांच्या घरची, आणि राईनपाड्यात मेले ते पाचही जण त्याच नाथांचं नाव घेऊन पोट भरणारे.

आणखी पुढे. मुक्ताईची पालखी दर वर्षी आषाढीला पंढरपूरला जाते. राज्यातल्या लांब पल्ल्याच्या पालख्यांपैकी एक, महिनाभराची पायपीट. २०१८ साली आषाढी एकादशी २३ जुलैला होती. म्हणजे त्या रविवारी, राईनपाड्यात ते सगळं चाललं होतं तेव्हा, आमची माणसं सोलापूरच्या दिशेने वाटेवर होती. अनोळखी गावांत शिरत होती. गावोगावी बाया त्यांच्या पायांवर पाणी घालत होत्या, कुणी पिठलं-भाकरी वाढत होतं, कुणी शाळेच्या ओसरीत सतरंज्या अंथरत होतं. आमच्यातल्या कुणी एखाद्या परक्या गावच्या पोरीच्या डोक्यावर हात ठेवला असेल, 'काय गं नाव तुझं?' असंही विचारलं असेल. विचारलंच असेल. म्हाताऱ्या वारकऱ्यांना राहवत नाही. कुणी कुणाला कोंडलं नाही. आम्ही सोलापूरकडे चाललो होतो, ते सोलापूरकडून आमच्याकडे आले होते. मंगळवेढा तर संतांची भूमी, चोखोबांनी तिथे कुसू पडून देह ठेवला. पंढरपूरहून पंचवीसएक किलोमीटर.

त्या पाच जणांची नावं तेव्हा पेपरांत छापून आली होती. मी ती इथे लिहीत नाही. ती त्यांच्या घरच्यांची आहेत. पण घर म्हणताना मला एखादी बाई दिसते. पिंपळनेरच्या पालात तिने त्या सकाळी तीन दगडांवर चूल मांडली असेल, पावसाने ओल्या काटक्यांचा धूर डोळ्यांत गेला असेल, आणि दुपारी झोळ्यांतलं पीठ आल्यावर संध्याकाळच्या भाकरी होतील, असा तिचा हिशेब असेल. पीठ आलं नाही. कोणत्या परक्या माणसाने, कोणत्या शब्दांत तिला सांगितलं असेल? मला ते वाक्य सुचत नाही, आणि मी आयुष्यभर वाक्यंच लिहीत आलो आहे.

आता डौर क्वचित वाजतो. गेल्या वर्षी वेचणीच्या दिवसांत एक म्हातारा गोसावी आमच्या गल्लीत आला. कफनी नव्हती, साधा सदरा, खांद्यावर भगवं उपरणं तेवढं. खिशात प्लास्टिकच्या पाकिटात आधार कार्डाची झेरॉक्स, तिच्या घड्या पांढऱ्या पडलेल्या. मी न विचारता त्याने ती आधी दाखवली. नव्या गावात पाल टाकायच्या आधी ठाण्यात जाऊन नावं लिहून येतो, म्हणाला. कायद्याची हजेरी १९५२ला संपली होती. ही तो आपणहून देतो. आमच्याकडे पाण्याची नेहमीची बोंब, नळ कितीतरी दिवसांनी येतो. त्याने आधी तांब्याभर पाणी मागितलं आणि निम्मंच प्यायला, उरलेलं परत दिलं. माझी नात जवारीची ओंजळ घेऊन पुढे धावली तसा तो दोन पावलं मागे सरला. रस्त्यावर इकडेतिकडे बघितलं.

"लेकराच्या हातानं नको, दादा," तो म्हणाला. "तुम्हीच घाला."

मी घातली. अंगारा त्याने माझ्याच कपाळाला लावला. नातीकडे त्याने बघितलंसुद्धा नाही, आणि ती हिरमुसून आत गेली, तिचं काय चुकलं ते तिला समजेना.

यंदाच्या वारीची बैठक झाली तेव्हा मी आमच्या दिंडीतल्या जाणत्यांपुढे एक गोष्ट मांडली. म्हटलं, द्वादशीचं पारणं झालं की परतीच्या गाडीत बसायच्या आधी एक दिवस काढू. पंढरपूरहून मंगळवेढ्याला एसटी आहे. तिथून पुढे डवरी गोसाव्यांच्या गावांकडे जाऊ.

"तठी जाऊन काय करायचं भो?" एकाने विचारलं. "माफी मागायची? आपुन थोडंच मारलं त्याहीले?"

म्हटलं, माफीबिफी नाही. टाळ वाजवत अंगणात उभं राहायचं आणि भिक्षा मागायची. आपल्या झोळीत त्यांनी घालावं.

बराच वेळ कुणी बोललं नाही. मग दिंडीचा हिशेब ठेवणाऱ्याने एसटीचं भाडं किती पडेल ते विचारलं, आणि विणेकरी म्हणाले की पारण्याच्या दिवशी बायकांना पायी नेऊ नये, त्यांना जीप करा. तिघे-चौघे तयार झाले. एकाचं अजून ठरत नव्हतं.

"अन् त्याहीनं दार नाही उघडलं त?"

मग पुढच्या दाराशी जायचं, मी म्हटलं.